परतीचं भाडं धरून

गेल्या वर्षी अडीच हजार होतं, मी म्हणाले
आणि पोवई नाक्यावरचा तो माणूस हसला,
जणू मी सोन्याचा
माझ्या लग्नातला भाव सांगितला.

सातारा ते बामणोली, एका वाटेचे साडेपाच हजार.
सीझन आहे ताई. कासला फुलं आहेत.
शनिवार, रविवार, वर सोमवारची कसलीशी सुट्टी.
डिझेल, घाट, ड्रायव्हरचा भत्ता,
आणि परतीचं भाडं धरून.

परत आम्ही येणारच नाही, मी म्हणाले,
लाँचने तापोळ्याला जाणार, तिथून वर महाबळेश्वर.
तुम्ही नाही हो. गाडी येणार ना?
का तिथंच बांधून ठेवू, झाडाला?

सांगलीहून इथवर मी अर्ध्या तिकिटात आले होते.
बाई असल्याचा तेवढाच एक रोख फायदा,
तोही स्टँडवर उतरताच संपला.

शेवटी त्यानं तीनशे सोडले
आणि चेहरा असा केला
की ते मीच त्याच्या खिशातून काढलेत.

घाट लागला तसा शीतलने मोबाईलवर भागाकार केला.
किलोमीटरला एकशे चव्वेचाळीस.
हे त्यानं सांगायला नको होतं.
मी काचेला नाक लावून बसले.
एक वळण, एकशे चव्वेचाळीस.
यवतेश्वरच्या वर धुकं आलं, काही म्हणता काही दिसेना,
तरी एकशे चव्वेचाळीस.
मुलगी झोपली.
तिला उठवावं का, या विचारात
कास मागे पडलं.

यातले तुला किती, मी विचारलं.
सातशे, जोतीराम म्हणाला. जोतीराम शेडगे,
आरशाला जोतिबाचा गुलाल लावलेला.
गाडी मालकाची, हप्ता बँकेचा,
पाठ तेवढी माझी.

अंधारीच्या वळणावर
रस्त्याच्या पलीकडं, साताऱ्याकडं तोंड करून
दोघीजणी उभ्या होत्या. एकीच्या हातात एक्सरेचं पाकीट,
तेच डोक्यावर धरलेलं, पावसासाठी.
एसटी कधी आहे रे यांना?
हाय एक दुपारची. आली तर.
येताना तू यांना घेतोस?
न्हाई ताई. रिकामी गाडी थांबली
की मालकाला कळतंय. लगेच फोन.

पुढं मी बोलले नाही.
सहा रिकाम्या सीटा डोक्यात बसल्या होत्या.
कव्हर घातलेल्या, गार, कुणाच्या घामाशिवाय
घाट उतरणाऱ्या.
आणि त्यांचे पैसे दिलेले.
माझे.

बामणोलीला पाणी काठोकाठ होतं.
लाँचवाला आम्हाला बघून दर आठवत होता.
पैसे मोजता मोजता मी म्हणाले,
जोतीराम, परतीच्या सीटा माझ्याच ना?
व्हय की.
मग मालकाला फोन लाव. म्हणावं बाईंचा बेत बदलला.
नवऱ्याशी भांडण झालं. परत साताऱ्याला निघाल्यात,
आणि सारख्या थांब म्हणतात.
पोटात कालवतंय त्यांच्या.

शीतल चपला हातात घेऊन
लाँचमध्ये चढत होता.
त्यानं नुसतं माझं नाव ऐकलं आणि वळला.
काही नाही, म्हटलं. चल.

जोतीराम थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिला.
पन्नास मीटरवर गाडी वळवताना
त्यानं एका म्हाताऱ्याशेजारी ब्रेक लावला.
एवढं मला पाण्यातून दिसलं.

महाबळेश्वरला खोलीचा भाव ऐकून
आम्ही दोघं पायरीवरच बसलो.
नऊ वाजता फोन आला.

ताई, पोचलात बरं का तुम्ही साताऱ्याला.
बरं झालं रे. त्रास?
न्हाई. नऊजण होता तुम्ही. आन् एक कोंबडी.
एक पोरगं ओकलं, धुतली मी गाडी.
एक्सरेवाल्या मावशींना सिव्हिलला सोडलं,
त्या वीस रुपये देत हुत्या,
म्हटलं, बाईंनी भरलंय.

कोण होतं, शीतलने विचारलं.
मी, म्हटलं.
पोचले.