फणसापासून डावीकडं

खिशात दोन फोन, मनगटावर घड्याळ
जे दिवसा माझी पावलं मोजतं आणि रात्री श्वास,
गाडीच्या काचेला चिकटवलेलं जुनं जीपीएस,
आणि तरी, बायको म्हणते, जेवायला तू उशिराच.

तिचं बरोबर आहे.
खडेबाजारातून घर वीस मिनिटांवर,
पण इम्तियाज सनदीच्या दुकानात नवं काही आलेलं असतं,
निदान त्याचा खोका तरी हुंगायला मिळतो.
नव्या फोनवरची ती पातळ फिल्म
एका कोपऱ्यातून सावकाश सोलताना
आम्ही दोघंही बोलत नाही.

गाडीतलं जीपीएस बारा वर्षांचं.
कंपनीनं नकाशे पाठवणं कधीच थांबवलं,
म्हणून त्याच्या गावात अजून तिसरं गेट आहे, पूल नाही.
मी पुलावर चढलो की ते मला थेट रुळांवर दाखवतं
आणि आतली बाई कळवळून म्हणते,
शक्य होताच मागे वळा.
इम्तियाज म्हणतो, टाक गा ते भंगारात.
टाकत नाही.
एवढी काळजी
दुसरं कोण करूलालंय माझी?

फोनमधली बाई वेगळी. तिला मराठी येतं,
म्हणजे वाचता येतं.
गल्लीला ती गाली म्हणते:
दोनशे मीटरवर अनंतशयन गालीत शिरा.
बेळगाव, बेलगाम, बेलागावी,
गावाचं नाव तिच्या तोंडी तीन तऱ्हांनी,
आणि तिन्ही वेळा मी पोचतो तिथंच,
ट्रॅफिकमध्ये.

बाची सोडून शिनोळीकडं निघालं
की दोन्ही फोन एकदम थरथरतात:
महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे.
वळलो की कर्नाटकात स्वागत.
एकदा नुसत्या चहापायी माझं चार वेळा स्वागत झालं.
रोमिंगच्या दिवसांत तिथली माणसं
फोन घ्यायला गोठ्यापर्यंत चालत जायची,
पडवीत दीड रुपया, म्हशीपाशी फुकट.
म्हशीला सगळ्या घराची लग्नं ठाऊक.

परवा त्या बाजूच्या सातेव्वा चौगुलेचा फोन.
मोटर बंद पडली, ये म्हणून.
(मी पंप दुरुस्त करतो, हे सांगायचं राहिलंच.)
म्हटलं, मावशी, लोकेशन पाठव.
म्हणाली, कसलं लोकेशन? घरातच हाय की मी.
मग तिनं सांगितलं:
तुरमुरी सोडून पुढं ये, गिरण संपली की
फणसापासून डावीकडं.
भुंकतं कुत्रं ते घर सोड,
न भुंकतं ते माझं.

गिरण मिळाली.
डोक्यावर अकरा उपग्रह, जवळ चार यंत्रं,
फणस नाही.
पाटाच्या पाण्यात रताळी धूत एक पोरगं बसलेलं.
फणस? तो पडला की, माझ्या जन्माआधी.
हितंच हाय.
आणि त्यानं रिकाम्या हवेत हात ठेवला,
बरोबर बुंध्याच्या उंचीवर.
डावीकडं वळलो.
एक कुत्रं भुंकलं. दुसऱ्यानं नुसतं बघितलं.

कपॅसिटर गेला होता, बाकी काही नाही.
पैसे घेतले, रताळी घेतली,
आणि परतताना त्या हवेपाशी गाडी थांबवून
नकाशावर एक टाचणी खोचली. नाव: फणस.
फोननं विचारलं, प्रकार कोणता?
दुकान, देऊळ, हॉटेल, बसथांबा, एटीएम.
खालपर्यंत सरकवलं.
शेवटी देऊळ लिहिलं.
घरी पोचेतो उत्तर आलं:
असं ठिकाण इथं आढळलं नाही.

मग अंगणात, गाडीत बसूनच,
जुन्या यंत्रात आकडे भरले.
त्यानं प्रकारबिकार विचारला नाही,
यादीत तिसऱ्या गेटाखाली ठेवून घेतलं.

रात्री रताळी उकडलेली.
मनगटावरचं घड्याळ थरथरून म्हणालं,
तासभर बसून आहात, उठा, चाला.
थांब गा,
सोलूलालोय.