डावा खांदा

वही नंबर अकरा. पोत्याच्या कापडाची बांधणी
मीच घातलेली, टाके वाकडे.
पहिल्या पानावर तारीख आणि खाली एवढंच:
आज हात आंधळा आहे.

दुसऱ्या पानावर घाणेवाडीचा तलाव.
एप्रिल. जलरंगाचा एक हात फिरवून
ब्रश पुन्हा बुडवेपर्यंत आभाळ वाळून गेलेलं,
कडेला निळा काठ, पातळाला असतो तसा.
कागद ओला आहे तोवर काम करा, असं पुस्तकात असतं.
पुस्तक लिहिणारा जालन्याला आला नसावा.

आमच्या गल्लीत नळ नवव्या दिवशी.
ब्रश धुतलेलं पाणी आई टाकू देत नाही,
ते गच्चीवरच्या जास्वंदीला जातं.
निळा, गेरू, शेवाळी, सगळं पिऊन
ती आपली लालच फुलते.

काळ्या मातीसाठी काळी ट्यूब पिळायची नाही
हे कळायला मला वर्ष लागलं.
नांगरलेली माती सकाळी जांभळी असते,
दुपारी नुसती राख,
आणि बदनापूरच्या रस्त्याला सायकल टेकवून
दिवस कलेपर्यंत थांबलं तर
न घासलेल्या हंड्याच्या बुडासारखी.
काळी ती फक्त बोलण्यात.

शनिवारी कॉलेजात लाइफचा वर्ग.
मॉडेल इलाहीभाई, मोंढ्यातले जुने हमाल,
तासाला दीडशे, चहा वेगळा.
लुंगी नेसून उघड्या अंगानं स्टुलावर बसतात
आणि वीस वीस मिनिटं
उतरवून ठेवलेल्या मालासारखे हलत नाहीत.
"चालीस साल दौड्या मैं," एकदा म्हणाले,
"अब बैठने के पैसे मिलरे."

मी पाठ काढत होते.
मणके, खांद्याची पाती, मधली घळ,
उन्हाळ्यात शहागडजवळ नदी उरते तेवढी बारीक.
सुट्टीत ते बशी फुंकत माझ्या ईझलमागे आले.
बराच वेळ बघत राहिले.
मला वाटलं, आवडलं.

"ये किसकी पीठ है, बेटी?"

मी हसले. ते हसले नाहीत.

"इसके खांदे बराबर हैं. मेरे कां बराबर हैं?
पेन्सिल आडी पकड के देखो."

पेन्सिल आडवी धरा, एक डोळा मिटा, मोजा.
सर हे पहिल्या वर्षापासून घसा कोरडा करून सांगतात.
मी धरली.
डावा खांदा दोन बोटं खाली.
सरकीची पोती, तुरीची पोती, सगळी त्याच अंगाला,
उजवा हात आकड्यासाठी मोकळा.

दोन वर्षं मी या माणसाला काढत होते.
दोन वर्षं त्याला सरळ करत होते,
न विचारता,
प्रार्थनेला बाई लेकरांची रांग सरळ करतात तशी.

खोडरबर घेतला, मग ठेवून दिला.
खाली, जिथं होता तिथं, खांदा पुन्हा काढला.
वरचा राहू दिला पुसट.
त्या पानावर इलाहीभाईंना तीन खांदे आहेत.

दुसऱ्या दिवशी मोंढ्यात गेले, वही घेऊन.
तिथं कुणी वीस मिनिटं देत नाही.
एक पोरगा पोत्याखालून ओरडला, "काय काढायलीस ताई?"
"खांदे."
"मग लवकर काढ," म्हणाला, आणि ट्रकमागं गेलासुद्धा.
कागदावर त्याचं कोपर तेवढं राहिलं.

हॉटेलात इलाहीभाई. पांढरा सदरा, टोपी.
कपड्यांत मी त्यांना आधी ओळखलंच नाही.
माझी वही उघडताना दिसली
तसे सवयीनं ताठ झाले, गप्प झाले,
श्वाससुद्धा वर्गातला.
मग आठवलं त्यांना. "आज इतवार है," म्हणाले,
आणि मान खाजवत, वळत, शेजाऱ्याशी भांडत,
टाळी देत, चपला शोधत
एकही रेघ पुरी होऊ दिली नाही.

चौदा चित्रं काढली.
एकाला तोंड आहे.