अर्धं धपाटं

अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात
दर शनिवारी आम्ही धपाटी नेतो,
मी अन् माझा रेवण.
वय वर्षं आठ. मोजायचं काम त्याचं.

पहिल्या खेपेला त्यानं विचारलं होतं,
"हे लोक आपले कोण लागतात?"
मला सांगता आलं नाही.
बरणी सरळ धर, म्हणाले, दही सांडतंय.

आज शेवटी एक बाई राहिली, धारूरकडची,
वॉर्डाबाहेर चवाळं टाकून बसलेली.
तिनं धपाटं घेतलं, मोडलं,
अर्धं त्याच्यापुढंच धरलं.
"तू जेवलास का रं लेकरा?"

तो माझ्याकडं बघायला लागला.
घे की, म्हणाले.

चवाळ्यावर दोघं खात बसले,
दही बोटानं.

बसस्टँडपर्यंत आलो तेव्हा म्हणाला,
"आई, तिचं नाव विचारायचं राहिलं,"
आणि रिकामा डबा माझ्या हातात देऊन
उलटा पळाला.