निळं घड्याळ

वॉर्डातलं घड्याळ बिडकरांनी दिलं.
डब्याचं नाव त्यावर नाही, कायदा आहे ना.
फक्त डब्याचा निळा रंग
आणि बाराच्या जागी डब्यावरचा तो इवलासा चंद्र.
"सिस्टर, याला कुणी जाहिरात म्हणेल का?"
खिळा मीच ठोकला.

तेव्हापासून बायका वर बघतात.
बाळ रडलं की आधी घड्याळ,
मग पदर.
आत्ताच तर पाजलं, तीन तास व्हायचेत.
दुसऱ्या दिवशी पान्हा नाही म्हणून
कुणाचा तरी नवरा मेडिकलमधून डबा आणतो.
मी त्याला डब्यावरचीच ओळ वाचून दाखवते,
आईचं दूध सर्वोत्तम.
तो म्हणतो, बरोबर, मग हे दोन नंबरचं.

करिश्मा अवघडे, धायरीची.
रस्ता झाडते, कंत्राटावर.
नवव्या महिन्यातही हातात खराटा.
मी सांगितलं, सव्वीस आठवड्यांची रजा असते.
"कुणाला, सिस्टर?"
टोमणा नव्हता,
पत्ता विचारावा तसं विचारलं.

बाविसाव्या दिवशी ती कोठीवर, सहाच्या हजेरीला.
घरी सासू डबा पुरवते:
तीन चमचे लिहिलेत तिथे एक,
पाणी मात्र खुणेपर्यंत.
दिसायला दूधच.
महिन्याचं पोर वजनाला आणलं
तर काटा जन्माच्या आकड्यावर.
कार्डावर टिंब दिलं. पेनही निळंच,
त्यांचंच.

मी रागावले. तिच्यावर.
बिडकरांना दर वेळी चहा सांगितला होता.

तिने ऐकून घेतलं.
मग म्हणाली, येतो हो पान्हा.
सिंहगड रोडला, पुलाच्या अलीकडे, रोज.
शाळेच्या रिक्षात कुणाचंही पोर किंचाळलं
की येतो.
खराटा भिंतीला टेकवते,
आडोशाला जाते,
पिळून टाकते मातीत.
आता तिथे मुंग्या असतात, आधीपासून,
वाट बघत असल्यासारख्या.

बोलता बोलता तिचा ब्लाउज भिजला.
मी वर बघितलं, सवयीने.
पावणेदहा.
अजून वेळ होता.

पोराने मात्र मान वळवली,
डोळे मिटलेलेच,
नाकाने वाट काढत.