जोड

धायरी फाट्याच्या पुढे, तिसऱ्या मजल्यावर,
कपाटातले कपडे पलंगावर काढून टाकले
की माझा स्टुडिओ तयार होतो.
आत एक माइक, एक स्टूल, डांबरगोळ्यांचा वास.
खालच्या गुजर वहिनींना वाटतं
मी घरून बँकेचं काम करते.
मीही हो म्हणते.
बँक म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही,
स्थळं मात्र येतात.

काम असं आहे:
नव्वद सेकंदांचं संगीत,
जे संपतं तिथेच सुरू होतं.
एक मुलगी पडक्या पुलापाशी उभी आहे.
पलीकडे काहीतरी आहे, ते तिला मारतं.
ती परत पुलापाशी उभी.
खेळणारा हुशार असेल तर मला दोनदा ऐकतो,
नसेल तर चाळीस वेळा.
चाळीस वेळा ऐकून वीट येणार नाही
असं काही रचून बघा एकदा.
धून चांगली झाली की लक्षात राहते,
लक्षात राहिली की छळते,
म्हणून चांगली धून मी आधी काढून टाकते.
इल्का तिकडून, बर्फातून लिहिते:
‘सुंदर आहे. थोडं कमी सुंदर कर.’

पलीकडच्या त्या गोष्टीला पावलं हवी होती.
मी कसब्यात गेले, तांबट आळीत.
करडे काका बंबाला मठार घालत होते.
‘किती वेळ वाजवू?’ त्यांनी विचारलं.
ठोकू नाही म्हणाले. वाजवू.
म्हटलं, तुमचं काम चालू द्या.
अडीच तास चालू दिलं त्यांनी,
मधे एक चहा, एक शिवी, एक फोन, तीही रेकॉर्ड झाली.
निघताना लॅपटॉपवर त्यांना दाखवलं:
इथे शेवट, इथे सुरुवात,
मधे एक बारीक टिक्.
हेडफोन एकाच कानाला लावून ऐकलं त्यांनी.
‘गळतंय,’ म्हणाले.
‘दोन्ही कडा सारख्या तापव आधी.’

तापवल्या.
शेवटाची शेपटी सुरुवातीखाली सरकवली,
टिक् गेली.
मग भाच्याला बसवलं खेळायला. शार्विल, वय बारा.
दुसऱ्या मिनिटाला त्याने आवाज बंद केला
आणि फोनवर स्वतःची गाणी लावली.
‘तुझ्या आवाजाने मी मरतो, मावशी.’

गुरुवारी वीज गेली.
महावितरणचा मेसेज आला तोवर गेलेलीच होती.
लॅपटॉप अकरा टक्क्यांवर.
तोच तुकडा लावला
आणि तो उघडा पडल्यासारखा वाटला.
सूर सगळे जागच्या जागी,
खाली जमीन नाही.
केबल तपासली. कान तपासले.
मग लक्षात आलं, फ्रिज बंद आहे.

कॅम्पातून सेकंडहँड घेतलेला फ्रिज,
दारावर आधीच्या घरातल्या कुणा पोराचं
अर्धं खरवडलेलं स्टिकर.
चार महिने मी सा त्याच्याकडून घेत होते.

इल्काला कळवलं.
‘वीज आमच्याकडेही पन्नास हर्ट्झचीच,’ ती म्हणाली,
‘म्हणून मला बरोबर वाटत असणार.
पण अमेरिकेत साठची.
तिथे पूल बेसूर लागेल का?’
दोघींनाही माहीत नव्हतं.

संध्याकाळी वीज आली.
फ्रिज आधी खोकला, मग लागला.
मी त्याच्यामागे, धुळीत,
पालथ्या पातेल्यावर माइक ठेवला
आणि श्वास आवरून उभी राहिले.
वहिनींनी खालून ओरडून सांगितलं, पाणी आलंय, भरून घ्या.
तेवढं कापलं.
बाकीचं नदीच्या आवाजाखाली ठेवलं,
कुणाला ऐकू येणार नाही इतकं.

आता ती मुलगी मरून परत येते
तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात उभी असते.
तिला सांगितलेलं नाही.