पोदेराचा वाटा

म्हापशात आल्वितोच्या खोलीत
भिंतींना गाद्या टेकवून
माझं पहिलं गाणं ध्वनिमुद्रित झालं.
गाद्या त्याच्या बहिणीच्या लग्नातल्या;
ती ओमानला, गाद्या इथं.
दिवसा शेजारची पिठाची गिरण,
रात्री कुत्री,
म्हणून पहाटे चार ते सहा ही आमची वेळ.
तासाला तीनशे. पंखा बंद.

सातवा टेक लागला होता.
दुसऱ्या अंतऱ्यानंतर मी श्वासासाठी थांबले
आणि तेवढ्याशा फटीतून
पोदेर आत शिरला,
पों पों,
सायकलवरचा रबरी भोंपू,
माझ्या षड्जाच्या किंचित खाली.

आल्वितो म्हणाला, परत घेऊ.
मी म्हणाले, पैसे संपले.
तेवढंच कारण नव्हतं,
पण तेवढंच सांगितलं.

त्याआधी दोन हंगाम मोरजीच्या शॅकमध्ये गायले.
मालक सज्जन. एवढंच म्हणायचा,
लोकांना ठाऊक असलेलं गा,
तुझं ते जेवणाच्या सुट्टीत.
जेवणाच्या सुट्टीत मी हुमण-भात जेवले,
तोंडात घास असताना स्वतःची चाल गुणगुणले,
काट्यापाशी अडखळले.
मे महिन्यात शॅक सुटा झाला,
बांबू, झावळ्या, फळ्यावरचा मेनू
टेम्पोत चढले
आणि माझे अकरा हजार त्यांच्या मागोमाग.

कुडण्याला बाबा आरतीला घुमट वाजवतात.
घोरपडीचं कातडं बंद झालं, बकरीचं आलं,
हात तोच.
चाळीस वर्षांत त्यांना कुणी पैसे विचारले नाहीत,
त्यांनी मागितले नाहीत.
फोनवर म्हणाले,
गाण्याचं बिल करतात कसं गो?

मला माहीत नव्हतं.
फॉर्मला माहीत होतं.

लेबलचं नाव?
मला एकच लेबल माहीत,
आईच्या बरणीवर डकवलेलं.
मी लिहिलं : मिस्कूट.
प्रकार?
यादी लांबलचक, बोट दुखेस्तोवर खाली सरकवली,
जगातले सगळे ताल होते तिथं
आणि आमच्यासाठी 'इतर'.
सहभागी कलावंत व त्यांचा हिस्सा,
बेरीज शंभर भरली पाहिजे.
मला साठ. आल्वितोला पस्तीस.
पाच उरत होते.
पहाटेचे सव्वापाच वाजले होते,
खाली रस्त्यावर तो होताच.
मी लिहिलं :
भोंपू – इनास.

तीन महिन्यांनी हिशेब आला.
सात रुपये बत्तीस पैसे.
हजार झाल्याशिवाय हातात मिळत नाहीत,
तोवर ते तिथंच राहतात,
जिथं कुठं ते आहेत.
मी पडदा झाकला, उघडला,
बत्तीसचे तेहतीस झाले नव्हते.

इनासाला भाच्याच्या मोबाईलवर सापडलं.
दारात सायकल स्टँडवर लावून,
टोपलीवरचं निळं प्लास्टिक अर्धं उचलून म्हणाला,
बाय, तो हांव मगो?
मग, म्हजो वांटो?

मी खरोखरच हिशेब केला, तोंडी.
छत्तीस पैसे आणि वर थोडं.
तो हसेल असं वाटलं होतं.
त्यानं खिशातून उधारीची वही काढली,
पेन्सिल जिभेला लावली,
माझ्या नावासमोरच्या एकशे चाळीसमधून
छत्तीस पैसे वजा केले,
आकडा दोनदा तपासला,
खाली रेघ मारली.
माझ्या गाण्याची ही पहिली पावती,
पिठानं माखलेली.

चार उंडे दिले, दोन पोये.
सायकलवर टांग टाकून
पाय जमिनीला टेकलेलाच ठेवला त्यानं.
भोंपूचं रबर अंगठ्यानं चाचपत म्हणाला,
तेव्हा याला भोक पडलेलं.
आता नवो घेतला.
परत घेता?