दहा गुणांचा प्रश्न

पुतलीसडक, तिसरा मजला. वीज गेलेली.
मोबाइलच्या उजेडात मी वह्या तपासतोय.
लोकसेवेचा सराव, प्रश्न एकच:
कार्यालय पाचला बंद होतं.
पाच वाजून दहा मिनिटांनी एक बाई येते,
दोन दिवस डोंगर उतरून.
तुम्ही अधिकारी आहात. काय कराल?

एकोणतीस जणांनी खिडकी उघडली.
करुणा, सचोटी, सेवाभाव,
शब्दांखाली पट्टीने मारलेल्या रेघा.
मी साडेसहा, सात देत जातो.
हेच तर शिकवलं होतं.

मग दिलमाया थोकरची वही.
"चरिकोटला त्या खिडकीशी
माझी आई उभी होती, मी पाठीवर.
शिपायाने कुलूप लावलं होतं,
त्याची शेवटची बस साडेपाचची.
खिडकी मी उघडणार, पण रात्र त्याची जाणार.
म्हणून किल्ली मागून घेईन, त्याला जा म्हणेन.
पण शिक्का कुठल्या कपाटात असतो
हे मला माहीत असेल?
साहेबाला माहीत नव्हतं."

इथे शब्दमर्यादा संपते.
व्याख्या नाही, निष्कर्ष नाही.
निकष लावले तर चार.

लाल पेन खिशाला अडकवून खाली येतो.
मचाकाजींचं शटर अर्धं ओढलेलं,
स्टोव्ह मात्र चालू,
एक ग्लास चिया झाकून ठेवलेला.
"दुकान बंद किती वाजता करता?"
चार वर्षांत मी पहिल्यांदा विचारतो.

ते हसतात. "आठला."
माझ्या घड्याळात पावणेदहा.